अन्नदानाचे माप

अन्नदान हे सर्व दानांत श्रेष्ठ, ही श्रद्धा आपल्या समाजात इतकी खोलवर रुजलेली आहे की तिच्याविषयी कोणी शंका काढील असे वाटत नाही. आणि ती काढावी असा माझाही हेतू नाही. हरिनाम सप्ताहाची सांगता महाप्रसादावाचून होत नाही, आषाढीच्या वाटेवर गावोगावी वारकऱ्यांच्या पंगती बसतात, पितृपक्षात बेताच्या ऐपतीचा मनुष्यही कोणाच्या तरी पानावर चार घास वाढल्यावाचून राहत नाही, आणि देवस्थानांच्या दप्तरांत अन्नछत्राचे खाते स्वतंत्र ठेवलेले असते. शिधा किती खर्ची पडला, पाने किती उठली, कोणत्या दात्याने कोणत्या तिथीस किती रक्कम भरली, याची तेथे चोख नोंद होते. मात्र जेवून उठलेल्या माणसाचे पुढे काय झाले, त्या अन्नाने त्याच्या देहात काय घडवले, हे कोणी विचारीत नाही. पुण्य दात्याच्या नावे जमा झाले की व्यवहार पुरा झाला, असे आपण धरून चालतो. ज्याला दिले त्याच्या बाजूने हाच हिशेब मांडला तर धर्माच्या दृष्टीने काय निष्पन्न होते, हा प्रश्न मला सरकारी रुग्णालयांतील बालकांच्या वॉर्डांत पडला. त्याचे जे उत्तर मला दिसते ते येथे मांडीत आहे.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत धारणी आणि चिखलदरा हे तालुके मिळून मेळघाट होतो. बहुसंख्य वस्ती कोरकूंची, शेती पावसावरची, सुगी संपली की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात, आणि पावसाळ्यात घरातले धान्य सरत आलेले, हाताला काम नाही, नाल्यांना पूर, अशा वेळी मुलांचे आजार वाढतात. १९९३ च्या सुमारास येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्राचे लक्ष वेधले, आणि तेव्हापासून मेळघाट हे नाव कुपोषणाशी कायमचे जोडले गेले. तथापि प्रश्न एका मेळघाटाचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील मुलांपैकी उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्यांचे प्रमाण साऱ्या देशात शेकडा १९.३ भरले, तर महाराष्ट्रात ते शेकडा २५.६ होते. ज्या प्रांताच्या संपन्नतेचे दाखले सर्वत्र दिले जातात त्या प्रांतातील दर चार मुलांमागे एक मूल कृश असावे, ही गोष्ट शासनाच्या अहवालापुरती मर्यादित राहू शकत नाही. ती आपल्या धर्मविचारालाही जाब विचारते.

उपासमार झाली म्हणून मूल रुग्णालयात आणले, असे सहसा घडत नाही. मूल येते ते दम लागला म्हणून, हगवण थांबेना म्हणून, गोवर येऊन गेल्यापासून ते मान टाकते म्हणून. आणि केसपेपरावर त्याच आजाराचे नाव चढते. सव्वा वर्षाची एखादी मुलगी न्यूमोनियासाठी दाखल होते, सिस्टर तिला काट्यावर ठेवते आणि काटा पाच किलोवर थांबतो, जेथे तो साडेनऊच्या आसपास जावयास हवा होता. मग दंडाभोवती मोजपट्टी गुंडाळली जाते. घेर साडेअकरा सेंटिमीटरांच्या आत आला म्हणजे ते तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरतात, आणि अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला तर अंगावर दिसणारे बाळसे हे बाळसे नसून सूज आहे, हे ध्यानात येते. अशा रीतीने भूक ही रुग्णालयात दुसऱ्या आजाराच्या आडून प्रकट होते. जगभरात पाच वर्षांखालील बालकांचे जे मृत्यू होतात त्यांपैकी सुमारे शेकडा ४५ मृत्यूंच्या मुळाशी पोषणाची उणीव असते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात; परंतु मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा अतिसार लिहिला जातो, आणि ज्या भुकेने त्या आजाराला वाट करून दिली ती नोंदीबाहेर राहते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील एका गरीब शेतकऱ्याची हकिकत आहे. भगवान बुद्धांचे प्रवचन ऐकण्याची त्याची उत्कट इच्छा होती, परंतु त्या दिवशी त्याचा बैल हरवला आणि तो शोधता शोधता दुपार टळून गेली. सगळी सभा खोळंबली होती, तरी बुद्ध मौन धरून त्याची वाट पाहत राहिले; आणि तो थकलाभागला, उपाशी येऊन पोहोचला तेव्हा त्यांनी प्रथम त्याच्या जेवणाची व्यवस्था करविली, आणि नंतरच उपदेशास आरंभ केला. भिक्षूंमध्ये कुजबूज झाली, तेव्हा बुद्धांनी सर्व रोगांत भुकेला अग्रस्थान दिले. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या धर्मपुरुषाने भुकेला रोग म्हटले त्याची दृष्टी आपल्या मृत्यूच्या नोंदवह्यांपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होती, असेच म्हणावे लागते.

आता सव्वा वर्षाच्या त्या मुलीच्या खाटेशी, हे हिच्याच वाट्याला का, असा जो प्रश्न उभा राहतो त्याला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे, आणि त्याचा विचार टाळता येणार नाही. तिचे प्रारब्धच तसे. पूर्वसंचित भोगल्यावाचून सुटत नाही. देवाच्या मनात असेल तर वाचेल. हे उत्तर केवळ अडाण्यांचे नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, यांचा आरोप येतो काय, असा पूर्वपक्ष मांडून त्याचे निराकरण केले आहे ते याच आधारावर: ईश्वर जीवांच्या धर्माधर्माला अनुसरून सृष्टी करतो, म्हणून विषमतेचा दोष त्याच्याकडे जात नाही. आचार्यांनी त्यावर जे भाष्य केले त्याची तार्किक भक्कमता मी मान्य करतो. परंतु ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे, हे पाहिले पाहिजे. ईश्वर निर्दोष कसा, एवढाच तेथे वाद आहे. शेजारच्या मनुष्याने काय करावे, हा त्या अधिकरणाचा विषयच नव्हे. ईश्वराला दोषमुक्त करण्यासाठी रचलेला युक्तिवाद आपण स्वतःला दोषमुक्त करण्यासाठी वापरतो, यात सिद्धांताचा विपर्यास आहे आणि आपल्या कर्तव्याचा लोपही आहे.

आणखी असे की हा सिद्धांत आपण स्वतःच्या मुलांना कधी लावीत नाही. सधन घरातील मुलाला रात्री दम लागला तर त्याच्या पूर्वसंचिताची चर्चा करीत कोणी बसत नाही. गाडी काढली जाते, डॉक्टरांना उठवले जाते, पैशाची तजवीज होते, आणि हे सारे धर्माला सोडून आहे असे कोणालाही वाटत नाही. प्रारब्धाची आठवण होते ती दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीत. जो नियम केवळ परक्यांना लागू होतो त्याला तत्त्वज्ञान म्हणता येत नाही. कर्मविचार खरा मानला तरी त्या मुलीचे पूर्वकर्म मला अज्ञात आहे आणि तिला पाहूनही मी जे करीन किंवा करणार नाही ते माझे कर्म मला पूर्णपणे ज्ञात आहे. तेव्हा तो सिद्धांत तिच्याविषयी मला काहीही सांगू शकत नाही, माझ्याविषयी मात्र सर्व काही सांगतो.

छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूची जी कथा आहे तिचे मर्म मला या वॉर्डांतच उमगले. बारा वर्षे वेदाध्ययन करून आलेल्या या पुत्राला उद्दालक पंधरा दिवस अन्नावाचून केवळ पाण्यावर राहण्यास सांगतो, आणि सोळाव्या दिवशी वेद म्हणावयास लावतो. श्वेतकेतूला काहीही आठवत नाही. मोठा अग्नी विझत जाऊन काजव्याएवढा निखारा उरावा तशी तुझी सोळांपैकी एकच कला उरली आहे, अशा अर्थाचे उत्तर पिता देतो आणि त्याला जेवावयास पाठवतो. जेवून आल्यावर त्याला सारे स्मरते. मन अन्नमय आहे, हा एवढा मोठा सिद्धांत ऋषीने केवळ शब्दांनी न सांगता पुत्राच्या देहावर प्रत्ययास आणून दिला. तीव्र कुपोषित मुलाकडे पाहणाऱ्याला या सिद्धांताचा पुरावा अन्यत्र शोधावा लागत नाही. असे मूल हसत नाही, खेळणे पुढे धरले तर हात पुढे करीत नाही, आई नजरेआड झाली तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. आणि सर्वांत दारुण गोष्ट अशी की त्याला भूकही लागत नाही. त्याची ती उदासीनता पाहून एखादा भाविक त्याला शांत मूल म्हणेल. परंतु ते वैराग्य नव्हे. ज्याच्याजवळ काही आहे त्याने ते सोडणे हे वैराग्य. ज्याचे मनच अन्नाअभावी विझत चालले आहे त्याच्या निरिच्छपणाला वैराग्य म्हणणे ही अध्यात्माची विटंबना होय.

त्या उपनिषदातच पुढे असे सांगितले आहे की तो इवलासा निखारा गवताने फुलवला म्हणजे पुन्हा प्रज्वलित होतो. गवताने, ओंडक्याने नव्हे. या भेदातच आधुनिक वैद्यकाने पुष्कळ प्राण खर्ची घालून मिळवलेले एक ज्ञान साठलेले आहे. १९४५ साली जर्मनीतील छळछावण्या मुक्त झाल्या तेव्हा दोस्तांच्या सैनिकांनी तेथील अस्थिपंजर माणसांना कळवळून आपल्याजवळचे शिधे वाढले, आणि ज्यांनी उपासमार सोसली होती त्यांतील कित्येक त्या भरपेट अन्नाने दगावले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात भुकेल्यांसाठी योजलेले एक मिश्रण बेल्सनच्या छावणीत नेऊन पाहिले, परंतु त्याची गोडी तेथील लोकांना सोसवली नाही. दीर्घकाळ उपाशी राहिलेला देह आपले सर्व व्यापार मंद करून जगत असतो. हृदय, मूत्रपिंडे, आतडी यांची शक्ती उतरलेली असते. त्याच्यात एकाएकी अन्न लोटले तर रक्तातील आवश्यक क्षार पेशींत ओढले जातात आणि हृदय बंद पडू शकते. जंतुसंसर्ग झालेला असूनही अशा मुलाला कित्येकदा ताप येत नाही, कारण ताप आणण्याचेही बळ त्याच्यात उरलेले नसते. म्हणून ताप नसला तरी प्रतिजैविक देतात. रक्त कमी असते, तरीही पहिल्या आठवड्यात लोह देत नाहीत, कारण त्या अवस्थेत ते अपाय करते. ज्या गोष्टी दयेला सहज सुचतात त्यांतील कित्येक येथे घातक ठरतात.

म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रातील आहार थेंबाथेंबाने ठरलेला असतो. सुरुवातीच्या आहाराच्या शंभर मिलिलिटरांत ७५ उष्मांक. दूध, साखर, तेल आणि पाणी यांचे ते साधे मिश्रण, कधी त्यात मुरमुऱ्यांचे पीठ. पाच किलोच्या मुलीला दर दोन तासांनी ५५ मिलिलिटर, म्हणजे लहान वाटीत जेमतेम तळ झाकेल इतके, आणि तेही अहोरात्र. कारण रात्री एखादी वेळ चुकली तर रक्तातील साखर उतरून मूल पहाटे थंडगार पडू शकते. डोक्यावर टोपडे घालून आईच्या छातीशी त्याला धरून ठेवावयाचे, ते याच भयाने. अशाच एका वॉर्डात एक कोरकू आजी वाटीकडे पाहून सिस्टरला म्हणाली, “बाई, लेकरू इतकं उपाशी हाये, अन् तुम्ही घोटभरच देता?” सिस्टरने चमचा न थांबवता उत्तर दिले, “आजी, आज एवढंच. दोन तासांनी मी परत येते.” आजीचा प्रश्न हा आपल्या सगळ्या अन्नदानाच्या परंपरेचा प्रश्न होता: उपाश्याला हात आखडून वाढावे हे कोणत्या धर्मात बसते? आणि सिस्टरच्या उत्तरात मला त्या परंपरेची पुढची पायरी दिसली. तिचे दान वाटीतल्या दुधापुरते नव्हते. दोन तासांनी परत येण्याचे वचन आणि ते वचन रात्रभर पाळणे, हाही त्या दानाचाच भाग होता.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांचे भान लागते असे म्हटले आहे; आणि हे भान सोडून, अनादराने दिलेले दान तामस ठरवले आहे. पात्र कोण याचा पुष्कळ खल भाष्यकारांनी केला, आणि बहुधा विद्या, कुल, आचार यांच्या कसोट्या लावल्या. माझ्या मते या श्लोकांचा अर्थ कुपोषित मुलाच्या खाटेजवळ अधिक स्पष्ट होतो. पात्रता म्हणजे गरज. आणि देशकालाचे भान म्हणजे किती, केव्हा, कोणत्या क्रमाने द्यावयाचे याचे ज्ञान. ज्या कर्मकांडात मंत्राची मात्रा आणि आहुतीचा क्षण चुकू नये यासाठी आपल्या पूर्वजांनी इतका आटापिटा केला, त्या काटेकोरपणाचे खरे अधिकारी हे मूल आहे. ज्ञानावाचून दया केली तर ती दात्याचे समाधान करील, परंतु घेणाऱ्याचा प्राण वाचवील याची हमी नाही. आणि म्हणूनच दयेला शिकण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

येथे दामाजीपंतांच्या कथेचे स्मरण अपरिहार्य आहे. बहामनी अमलात मंगळवेढ्यास दुष्काळ पडला असता या अंमलदाराने बिदरच्या बादशहाची मंजुरी न घेता सरकारी कोठारे भुकेल्या रयतेला खुली केली. बादशहाचा कोप झाला. आणि परंपरा सांगते की प्रत्यक्ष विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला. कीर्तनकार ही कथा सांगतात तेव्हा रसपरिपोष होतो तो त्या पावतीपाशी, आणि श्रोत्यांचे डोळे भरून येतात ते देवाने भक्ताचे ऋण फेडले म्हणून. परंतु मंगळवेढ्याच्या कोठारासमोर जी माणसे उभी होती त्यांतली किती जगली, त्यांच्या घरांतली लहान मुले पुढच्या पेरणीपर्यंत तगली की नाही, याविषयी कथा काही सांगत नाही. दामाजीपंतांनी मात्र विचार केला असेल तो याच माणसांचा; पावती मिळेल याची त्यांना कल्पनाही नव्हती. आपण त्यांच्या कृतीपेक्षा तिच्या फळाची पूजा अधिक केली.

आज कोठारे बंद नाहीत. अन्नाच्या हक्कासाठी २००१ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला, आणि महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत गरोदर आणि स्तनदा मातांना २०१५ पासून अमृत आहार योजनेतून एक वेळचे गरम जेवण देण्याची व्यवस्था आहे. अन्न हे दात्याच्या कृपेवरून काढून, घेणाऱ्याच्या हक्कावर ठेवले गेले, ही मी धर्माचीच प्रगती मानतो. परंतु कायदा धान्य दुकानापर्यंत पोहोचवू शकतो, आहार अंगणवाडीपर्यंत नेऊ शकतो. रात्री दोन वाजता वाटी-चमचा घेऊन उठण्याचे काम हुकुमाने एकवेळ सुरू होईल, हुकुमाने टिकणार नाही. तेथे मनुष्याची निष्ठा लागते, आणि निष्ठा घडवणे हे आजवर धर्माचे काम मानले गेले आहे.

मग या दानाचे माप कोणते? केंद्रात त्याचे उत्तर रोज सकाळी मिळते. मूल सावरू लागले, भूक परतली, की आहार वाढवतात, आणि शरीराच्या दर किलोमागे दिवसाला दहा ग्रॅम वजन चढले तर प्रगती चांगली, पाच ग्रॅमांच्या आत राहिले तर कोठे काही चुकते आहे, असे समजतात. दाखल झाले त्या वेळच्या वजनात शेकडा १५ ची भर पडली म्हणजे घरी जाण्याची वेळ आली. पाच किलोच्या त्या मुलीच्या बाबतीत ही भर साडेसातशे ग्रॅमांची होते. मला असे वाटते की अन्नदानाचे पुण्य या पाऊण किलोत आहे. दात्याची भावना किती उदात्त होती, त्याने किती खर्च केला, त्याला कोणते फळ मिळणार, या गोष्टी गौण आहेत; घेणाऱ्याच्या देहात ते अन्न प्राण होऊन राहिले की नाही, ही एकमेव कसोटी आहे. ही कसोटी दात्याचा अहंकार उरू देत नाही, कारण काटा दात्याचे नाव जाणत नाही; आणि निष्काम कर्माची याहून प्रामाणिक साधना मला तरी ठाऊक नाही.

ही कसोटी स्वीकारली की मुलाबरोबर त्याची आईही आपल्या दृष्टीस पडते. तिच्याविषयी कठोर बोलणे फार सोपे झाले आहे. तिने मुलाला आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेले, पोट फुगले म्हणून त्यावर तापलेल्या विळ्याचे चटके देवविले, केंद्रातून चौदा दिवस पुरे होण्याआधीच ती निघून गेली, असे आरोप तिच्यावर होतात. डंबा म्हणून ओळखली जाणारी ती चटक्यांची रीत क्रूर आहे आणि ती बंद झालीच पाहिजे; पण मुलासाठी काहीतरी केले पाहिजे ही जी तळमळ त्या आईला भूमकाच्या दारी नेते ती तळमळ, मुलाला प्रारब्धावर सोडणाऱ्या सुशिक्षितापेक्षा, धर्माच्या अधिक जवळची आहे. आणि ती केंद्र सोडून जाते ती ममता आटली म्हणून नव्हे. शासन तिला बुडीत मजुरी देते, जेवण देते. परंतु घरी दुसरे लहान मूल आहे, सोयाबीनची निंदणी राहिली आहे, आणि त्या मुलाच्या ताटाकडे पाहणारे कोणी नाही. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या गाडगे महाराजांनी रोग्यांच्या नातेवाइकांसाठी मुंबईत धर्मशाळा उभी केली, कारण रोग्याशेजारी बसणाऱ्यालाही डोक्यावर छप्पर आणि पोटाला भाकरी लागते, हे त्यांनी जाणले होते. तीर्थक्षेत्री यात्रेकरूसाठी बांधण्याची धर्मशाळा त्यांनी रुग्णालयाच्या वाटेवर आणली, हा मी त्यांच्या तत्त्वज्ञानाचा सर्वांत स्पष्ट भाष्यग्रंथ समजतो.

त्याच वाटेने पुढे जावयाचे तर आपल्या देवस्थानांना, सप्ताह भरवणाऱ्या मंडळांना आणि श्राद्धदिनी अन्नदानाचा संकल्प करणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला मी एकच विनंती करीन. हजार पाने एका दिवशी वाढण्याऐवजी एका मुलाची जबाबदारी सहा महिने घ्यावी. त्याची आई केंद्रात असेल तितके दिवस घरच्या लहानग्याला सकाळ-संध्याकाळ कोण जेवू घालणार याची गावातच सोय लावावी. आणि ते मूल परत आल्यावर दर पंधरवड्याला अंगणवाडीत जाऊन त्याचे वजन विचारावे. वजन उतरले तर आपले दान अपुरे पडले असे समजून पुन्हा कामास लागावे. कारण मूल बरे होऊन ज्या घरी परतते ते घर बदललेले नसते, आणि जोवर त्या घरात पुढच्या पावसाळ्यापुरते अन्न नाही तोवर आपला संकल्प पुरा झाला असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राने आपल्याला दिलेला नाही.